किनाऱ्यावरचा प्रश्न संसदेत विचारून घ्यायचा असेल तर

देवगड, मालवण, हर्णै किंवा श्रीवर्धन यांपैकी कोणत्याही बंदरावर संध्याकाळी लिलावाच्या वेळी थोडा वेळ उभे राहिले, तर सरकारविषयीच्या डझनभर तक्रारी कानावर पडतात. त्यांतल्या फार थोड्या कागदावर उतरतात, आणि ज्या उतरतात त्यांतल्या बहुतेक कुठल्या तरी कार्यालयाच्या आवक शिक्क्यापाशी थांबतात. शिक्का मारलेली प्रत आपण घरी जपून ठेवतो. उत्तर मात्र येईलच असे नाही. संविधानाच्या अनुच्छेद ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, आणि या जबाबदारीचा सर्वांत रोकडा अर्थ असा की सभासदाने विचारलेला आणि अध्यक्षांनी स्वीकारलेला प्रश्न ठरलेल्या दिवशी मंत्र्याला उत्तरावा लागतो. आपली तक्रार त्या प्रश्नापर्यंत कशी न्यावी, आणि ती विरोधी बाकांवरच्या सभासदाच्या हाती का व कशी द्यावी, एवढ्याच गोष्टीविषयी हे मार्गदर्शन आहे.

मी गेली काही वर्षे आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे कागद सांभाळतो. आमचा पहिला प्रश्न तीन पाने लांब होता, त्यात चार विशेषणे आणि एक अभंगाची ओळ होती, आणि तो ज्या खासदारांकडे पाठवला त्यांच्या स्वीय सहायकांनी तो दोनच दिवसांत परत करून "यात प्रश्न कुठे आहे?" असे विचारले होते. पुढे जे लिहिले आहे ते त्या प्रश्नचिन्हापासून शिकलेले आहे.

विरोधी सभासदच का

प्रश्न सत्ताधारी सभासदही विचारतात आणि पुष्कळ विचारतात. फरक पडतो तो उत्तर आल्यानंतर. मंत्र्याने मोघम उत्तर दिले की आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला पुन्हा पुन्हा टोचणे सत्ताधारी सभासदाला अवघड जाते, तर विरोधी सभासदाला त्या मोघमपणातच पुढचे काम दिसते. कोकणाला हे नवे नाही. बॅ. नाथ पै यांनी १९५७, १९६२ आणि १९६७ या तीन निवडणुका राजापुरातून जिंकल्या आणि तिन्ही वेळा ते विरोधी बाकांवर बसले. त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी त्याच मतदारसंघातून १९७१ पासून १९८९ पर्यंतच्या सलग पाच निवडणुका जिंकल्या, आणि त्या काळातला मोठा भाग त्यांनीही विरोधातच काढला; १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले आणि प्रश्न विचारणारा माणूस उत्तर देणाऱ्या बाकावर गेला. या दोघांची वक्तृत्वासाठी आठवण काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझे मत असे की वक्तृत्वाने सभागृह हलते, पण गावाच्या उपयोगी पडतो तो मंत्र्याने लेखी दिलेला आकडा किंवा तारीख, आणि विरोधी सभासदाकडून मागायचे ते हेच.

दुसरा गैरसमज असा की प्रश्न आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराने विचारावा लागतो. तसा नियम नाही. रायगड किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्ग या मतदारसंघांचे खासदार सत्तारूढ आघाडीचे असतील, तर महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांपैकी कोणीही, राज्यसभेतील १९ सदस्यांपैकी कोणीही, किंवा मासेमारीच्या प्रश्नात रस असलेला केरळचा सभासददेखील आपला प्रश्न विचारू शकतो. सभासद निवडताना पक्ष पाहण्यापेक्षा त्याचे जुने प्रश्न पाहावेत. संसदेच्या संकेतस्थळावर सभासदाच्या नावाने आणि मंत्रालयाच्या नावाने शोध घेता येतो. ज्याने गेल्या दोन-तीन अधिवेशनांत मत्स्यव्यवसाय, तटरक्षक दल किंवा किनारी भाग यांविषयी विचारलेले दिसते, तो आपला कागद वाचण्याची शक्यता जास्त. मात्र स्वतःच्या खासदाराला वगळून गेलो हे लपवू नये. त्यांनाही प्रत पाठवावी, कारण उद्या बंदराच्या कामासाठी त्यांच्याकडेच जायचे असते.

आधी प्रश्न कोणाचा ते ठरवावे

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथे चूक झाली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. जो विषय मुख्यतः भारत सरकारच्या जबाबदारीचा नाही, तो लोकसभेच्या नियमांनुसार स्वीकारलाच जात नाही. आणि चुकून स्वीकारला गेला तर "हा राज्याचा विषय आहे" एवढ्या एका वाक्यात मंत्री मोकळे होतात.

मासेमारीचेच उदाहरण घेऊ. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, पण प्रादेशिक समुद्राबाहेरील मासेमारी संघसूचीत आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड कडक झाले. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा कारभार केंद्राकडे आहे. आता एखादी पर्ससीन नौका (माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याची) एलईडीचे दिवे लावून रात्रभर मासा गोळा करते आणि सकाळी गिलनेटवाल्याच्या, म्हणजे पाण्यात उभे जाळे सोडणाऱ्या मच्छीमाराच्या, जाळ्यात काही उरत नाही, तेव्हा ती नौका दहा मैलांवर होती की पंधरा, यावर प्रश्न मुंबईत विचारायचा की दिल्लीत हे ठरते. दहा मैलांवरच्या नौकेसाठी आमदार हवा, पंधरा मैलांवरच्या नौकेसाठी खासदार. आमच्याकडे तक्रारींची वही आहे, तिच्यात मी आता अंतर आणि शक्य असेल तेव्हा जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश लिहून घेतो. सुरुवातीला तांडेल, म्हणजे नौकांचे प्रमुख, कुरकुरत होते, आता स्वतःहून सांगतात.

केंद्राचा विषय असला तरी मंत्रालय कोणते हा पुढचा प्रश्न उरतो. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडीसारख्या कृत्रिम प्रकाशाने होणाऱ्या मासेमारीस मनाई केली. तो आदेश, त्याची अंमलबजावणी आणि त्यासाठीचे धोरण यांविषयी विचारायचे असेल तर २०१९ मध्ये स्थापन झालेले मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालय. पण खोल समुद्रात गस्त घालणारे तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली येते, म्हणून गस्तीविषयीचा प्रश्न संरक्षणमंत्र्यांना. हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि ते दोन वेगळ्या दिवशी उत्तरासाठी येतील.

हीच कसोटी इतर विषयांना लावावी. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ असल्याने रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचा आहे, परंतु पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूर ते झाराप हे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत चालते, हे माहीत नसेल तर प्रश्नातले नाव चुकते आणि उत्तर पळवाट काढते. कोकण रेल्वे हे महामंडळ असले तरी उत्तर रेल्वेमंत्री देतात. सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची, तिच्यानुसारचे किनारा व्यवस्थापनाचे नकाशे राज्याने करायचे आणि मंजुरी पुन्हा केंद्राची. तेथे नकाशा का रखडला हे विचारण्याऐवजी राज्याचा प्रस्ताव केंद्राकडे कोणत्या तारखेला आला आणि त्यावर काय कार्यवाही झाली हे विचारावे. लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे म्हणजे राज्याकडे आहेत, मात्र मासेमारी बंदराला प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून पैसा मिळाला असेल तर त्या पैशाचा हिशेब दिल्लीत मागता येतो. पैसा कुठून आला ते शोधले की प्रश्न कुठे जावा ते बहुधा कळते.

कागद जमवणे

प्रश्न लिहिण्यापूर्वी त्याच विषयावरची जुनी उत्तरे वाचावीत. याचे कारण व्यवहारी आहे : ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच सविस्तर दिले गेले आहे किंवा सहज उपलब्ध कागदपत्रांत आहे, तो नाकारला जातो. शिवाय जुन्या उत्तरातच पुढच्या प्रश्नाचे बीज असते. "काम प्रगतिपथावर आहे" असे दोन वर्षांपूर्वीचे उत्तर हाती असेल, तर त्या उत्तराचा क्रमांक व दिनांक देऊन तेव्हापासून किती प्रगती झाली हे विचारता येते, आणि असा प्रश्न मोघम उत्तराने झटकणे मंत्रालयाला कठीण जाते.

ज्या गोष्टी माहितीच्या अधिकारात मिळतात त्यांसाठी संसदेचा प्रश्न खर्ची घालू नये. २००५ च्या या कायद्यात साध्या अर्जाला १० रुपये लागतात आणि माहिती देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. कोणत्या बंदराला किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, निविदेची मुदत काय होती, हे अर्जाने मिळवावे. ते हाती आल्यावर "मंजूर झालेल्या रकमेपैकी उरलेली रक्कम का खर्च झाली नाही" हा प्रश्न मंत्र्याला. सभासदाला देताना या कागदांचे एका पानाचे टाचण करावे : विषय काय, कोणावर परिणाम होतो, कोणता आदेश किंवा कायदा लागू आहे, कोणते कागद जोडले आहेत. छायाचित्रे दोनपेक्षा जास्त नकोत. वर्तमानपत्रातील कात्रण हा पुरावा नव्हे. त्यावरून शोध सुरू करावा, कागद म्हणून जोडू नये.

प्रश्न लिहिणे

लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा, त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा विशेषणे नसावीत, मत मागू नये, काल्पनिक परिस्थितीवर विचारू नये, आणि विषय न्यायालयात निर्णयासाठी नसावा. आमच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती : "कोकणातील पारंपरिक मच्छीमारांवर होणाऱ्या घोर अन्यायाकडे सरकार डोळेझाक का करीत आहे?" हा प्रश्न नियमांत बसत नाहीच, पण समजा बसला असता तर काय झाले असते? "सरकार डोळेझाक करीत नाही" असे उत्तर आले असते आणि ते खोटे ठरवता आले नसते. राग खरा होता, पण त्या वाक्यात पकडण्यासारखे काही नव्हते. नंतरचा मसुदा साधारण असा झाला :

मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय : (अ) अनन्य आर्थिक क्षेत्रात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने मनाई केल्यापासून महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर किती नौकांवर कारवाई झाली, वर्षनिहाय, (आ) त्यांपैकी किती नौकांची नोंदणी महाराष्ट्राबाहेरील होती, राज्यनिहाय, (इ) या आदेशाच्या अंमलबजावणीची जबाबदारी कोणत्या यंत्रणेवर आहे आणि राज्य सरकार व तटरक्षक दल यांच्यात कामाची विभागणी कशी केली आहे, (ई) यासाठी महाराष्ट्राला गेल्या तीन वर्षांत काही निधी दिला असल्यास त्याचा तपशील काय?

या मसुद्यात "अन्याय" हा शब्द कुठेही नाही, तरी पहिल्या भागाचे उत्तर "शून्य" आले तर तो शब्द वाचणारा स्वतः उच्चारेल. प्रत्येक भागाचे उत्तर संख्या, नाव किंवा रक्कम यांतच द्यावे लागते. "वर्षनिहाय" आणि "राज्यनिहाय" हे शब्द किरकोळ वाटतात, पण ते नसतील तर पाच वर्षांची बेरीज एका आकड्यात येते आणि तिच्यातून काही कळत नाही. "पुरेशी कारवाई केली काय" अशा वाक्यातला "पुरेशी" हा शब्द मंत्रालयाला फार आवडतो. तो कधीही वापरू नये. महामार्गासारख्या विषयावर उच्च न्यायालयात याचिका चाललेल्या असतात, म्हणून तेथे दोष कोणाचा हे न विचारता किलोमीटर, मुदतवाढीच्या तारखा आणि ठेकेदाराला झालेला दंड विचारावा. सूचना इंग्रजी किंवा हिंदीत जाते. आपण मराठीत लिहून दिले तरी चालते, पण भाषांतरात "गिलनेट", "रापण" (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) आणि "पर्ससीन" यांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्या शब्दांचा अर्थ शेजारी लिहून द्यावा. एकदा आमच्या रापणीचे भाषांतर नुसते "जाळे" असे झाले होते.

तारांकित की अतारांकित

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि विचारणाऱ्याला सामान्यतः दोन पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी पटलावर ठेवले जाते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असू शकतात, एका सभासदाच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागतो, आणि क्रम सोडतीने ठरतो. प्रश्नोत्तराचा तास अकरा ते बारा हा एकच तास असल्याने वीस तारांकित प्रश्नांपैकी पहिले चार-पाचच प्रत्यक्ष चर्चेला येतात. बाकीच्यांची उत्तरे लेखीच राहतात. गोंधळ झाला तर एकही येत नाही. गावातल्या लोकांना दूरदर्शनवर आपला प्रश्न दिसावा असे वाटते, ते स्वाभाविक आहे, परंतु आकडे हवे असतील तर मी अतारांकित प्रश्नच सुचवतो. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, तेव्हादेखील अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे येत होती.

सूचना सामान्यतः किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार ठरलेला असतो, त्यामुळे एक दिवस चुकला की एक आठवडा जातो आणि अधिवेशन लहान असेल तर अधिवेशनच जाते. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता मसुदा तयार ठेवावा. पावसाळी अधिवेशन सामान्यतः जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते, आणि आपल्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या शाकारून झाल्यावर कागद करायला यापेक्षा चांगला हंगाम मिळणार नाही.

एकच प्रश्न दोन सभासदांना, थोड्या वेगळ्या शब्दांत, आणि दोघांना तसे सांगून द्यावा. विरोधी सभासदाच्या बाबतीत ही खबरदारी जास्त लागते, कारण निलंबन झाले की त्या काळात त्याच्या सूचना स्वीकारल्या जात नाहीत, आणि डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करून दोघांच्या नावावर एकच उत्तर देण्याची पद्धत आहे, त्यामुळे दोघांना दिल्याने नुकसान काही होत नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. प्रश्नासाठी सभासदाला किंवा त्याच्या कार्यालयाला पैसा, भेटवस्तू, अगदी हापूसची पेटीसुद्धा पाठवू नये. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले होते. प्रश्न दाखल करण्याच्या पोर्टलचे लॉगिनही मागू नये. "आम्हीच टाइप करून टाकतो" ही मदत सभासदाला महागात पडू शकते. मसुदा द्यावा, दाखल त्यांच्या कार्यालयाने करावा.

उत्तर वाचणे

उत्तर आले की बहुतेक लोक ते एकदा वाचतात, निराश होतात आणि कपाटात ठेवतात. खरे काम येथून पुढे सुरू होते. उत्तर हातात घेऊन प्रत्येक उपभागासमोर तीनपैकी एक खूण करावी : उत्तर दिले, उत्तर टाळले, उत्तर पुढे ढकलले.

"माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" किंवा "बाब विचाराधीन आहे" ही वाक्ये टाळाटाळीची वाटतात, पण संसदेच्या हिशेबात ती आश्वासने आहेत. लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती १९५३ पासून काम करते. अशा आश्वासनाची पूर्तता साधारणपणे तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते, आणि तसे झाले नाही तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. आपल्या उत्तराची आश्वासन म्हणून नोंद झाली की नाही हे सभासदाच्या कार्यालयामार्फत विचारून घ्यावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. हा मार्ग कंटाळवाणा आहे आणि वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही, पण मंत्रालयातल्या एखाद्या उपसचिवाच्या टेबलावर आपल्या बंदराची फाइल पुन्हा उघडायला लावणारा मार्ग हाच.

उत्तर टाळले असेल तर पुढे काय करायचे ते सभासदाला सुचवावे. अलीकडच्या प्रश्नाच्या उत्तरातील एखाद्या वस्तुस्थितीचा उलगडा हवा असेल तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. त्यासाठी तीन दिवसांची सूचना आणि चर्चा का हवी याचे टिपण लागते, आणि ते टिपण आपण लिहून देऊ शकतो. उत्तर सरळ चुकीचे असेल, म्हणजे उत्तरात "गस्तीनौका कार्यरत आहे" असे म्हटले आहे आणि ती वर्षभर धक्क्याला बांधलेली आहे, तर अध्यक्षांच्या निदेश क्रमांक ११५ खाली सभासद ती चूक अध्यक्षांच्या लेखी नजरेस आणू शकतो. हे हत्यार फार क्वचित वापरले जाते. ते वापरायचे तर पुरावा पक्का हवा : नौकेच्या दुरुस्तीचा आदेश, इंधनाच्या नोंदी, माहितीच्या अधिकारातून मिळालेले पत्र. तांडेलाने सांगितले एवढ्यावर सभासदाला तोंडघशी पाडू नये, कारण एकदा असे झाले की त्या कार्यालयाचे दार आपल्याला पुन्हा उघडत नाही.

इतर वाटा

प्रश्न बसत नसेल, किंवा घटना आजची असेल, तर शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडण्याची वेळ, आहे. तौक्ते वादळासारखे संकट आले, पूल पडला, होड्या बुडाल्या, तर पंधरा दिवस थांबता येत नाही. शून्य प्रहरात सभासदाला दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून त्याला तीन वाक्ये द्यावीत : काय झाले, किती जणांचे झाले, केंद्राकडून कोणती एक गोष्ट हवी आहे. मराठीतून बोललेले चालते. मात्र शून्य प्रहरातल्या मागणीला मंत्र्याने तेथेच उत्तर दिले पाहिजे असे बंधन नसते.

नियम ३७७ खालील निवेदन २५० शब्दांपर्यंतचे असते. त्यात मागणी करता येते, जी प्रश्नात करता येत नाही, आणि मंत्रालयाकडून सभासदाला लेखी उत्तर अपेक्षित असते. बंदरातला गाळ काढणे, रेल्वेचा थांबा, बीएसएनएलचा मनोरा अशा गोष्टींसाठी मला ही वाट प्रश्नापेक्षा बरी वाटते. अर्थसंकल्पाच्या काळात अनुदानाच्या मागणीवर कपात सूचना देता येते. मागणीतून १०० रुपये कमी करण्याची सूचना ही विशिष्ट गाऱ्हाण्यासाठीच असते. ती मंजूर होत नाही आणि व्हावी अशी अपेक्षाही नसते, पण गाऱ्हाणे मंत्रालयाच्या नावासह छापले जाते.

खासगी विधेयकाचा आग्रह मात्र धरू नये. संसदेने आजवर मंजूर केलेली खासगी विधेयके अवघी १४ आहेत आणि शेवटचे १९७० मधले. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये नाथ पै यांनी मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक देशभर गाजले, पण लोकसभा विसर्जित झाल्यावर तेही व्यपगत झाले. बंदराच्या गाळासाठी कायदा लागत नाही.

याचिकेची वाटही आहे, आणि ती लोकांना माहीत नसते. लोकसभेला उद्देशून केलेली याचिका सभासदाने प्रतिस्वाक्षरी करून सादर केली की ती याचिका समितीकडे जाऊ शकते. याचिका मराठीत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, पहिल्या सही करणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता लागतो, आणि भाषा संयमाची लागते. सह्या गोळा करताना एकाच हस्ताक्षरातल्या वीस सह्या आल्या की काय होते ते सांगायला नको.

विषय १२ मैलांच्या आतला असेल तर यातले बरेचसे विधिमंडळालाही लागू पडते, फक्त नावे बदलतात. तेथे तारांकित प्रश्नाबरोबर लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधण्याची सूचना) हे अधिक चालणारे साधन आहे, विरोधी पक्षाची नियम २९३ खालील चर्चा आणि अंतिम आठवडा प्रस्ताव यांत आपला मुद्दा घालून घेता येतो, आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात असल्याने आमदारांची गाठ ते कोकणातून निघण्यापूर्वीच घ्यावी. नागपूरला जाऊन विधानभवनाच्या दारात पास मिळवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

उत्तराचा कागद कुठे ठेवावा

उत्तराच्या चार प्रती काढाव्यात. एक सोसायटीच्या दप्तरात, एक ग्रामसभेत वाचून इतिवृत्ताला जोडण्यासाठी, एक मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोच घेऊन देण्यासाठी, आणि एक विचारणाऱ्या सभासदाला, तीनही खुणांसह परत. ही शेवटची प्रत लोक पाठवत नाहीत. सभासदाकडे शेकडो प्रश्नांची उत्तरे येतात आणि त्यांतले कुठे खोटे, कुठे अपुरे आहे हे त्याला दिल्लीत बसून कळत नाही. ते कळते धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला. प्रतीसोबत पुढच्या अधिवेशनासाठीचा मसुदा जोडावा, ज्याची सुरुवात "दिनांक अमुक रोजीच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तराच्या संदर्भात" अशी असेल. आमच्या सोसायटीच्या वहीत अशा प्रश्नांसाठी सहा रकाने आखलेले आहेत : विचारणारा सभासद, प्रश्न क्रमांक, उत्तराचा दिनांक, दिलेला आकडा, दिलेली मुदत, आणि मुदत संपल्यावर प्रत्यक्ष काय दिसले. सहावा रकाना दर महिन्याच्या अमावास्येनंतर, होड्या धक्क्याला असताना, दोन तांडेलांना बोलावून भरतो.